पाणी असतं तर

वांद्र्याहून सुटणाऱ्या उदयपूरच्या गाडीत आईने पहिल्यांदा विचारलं, "एका रात्रीचे किती घेतात गं?"

"ऑफर होती," मी म्हटलं.

बोरिवली गेल्यावर तिने तोच प्रश्न जरा वळसा घालून विचारला. वापीला आणखी एकदा. "जेवण धरून की सोडून?" "तुझ्या गाडीच्या हप्त्याएवढे असतील का?" सकाळी चहाबरोबर शेवटचा खडा टाकला, "तुझ्या बाबांची पहिली पेन्शन आली होती, तेवढे तरी नाहीत ना?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर अरवलीचे उघडेबोडके डोंगर सुरू झाले होते. प्रश्न चुकवायला डोंगर बरे पडतात.

हॉटेल म्हणजे ताज लेक पॅलेस. पिछोला तलावाच्या मधोमध उभा असलेला तो पांढराशुभ्र राजवाडा, कॅलेंडरांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर आपण सगळ्यांनी पाहिलेला. मूळ नाव जगनिवास. मेवाडचे महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४३ साली बांधायला घेतला आणि १७४६ मध्ये पुरा केला. तिथे आम्ही एकच रात्र राहणार होतो. पुढच्या दोन रात्री हनुमान घाटाजवळच्या एका साध्या गेस्ट हाउसमध्ये. तिथलं भाडं मी आईने न विचारताच, वर दोनदा सांगितलं.

उदयपूर आम्हाला नवं नव्हतं. २००० नंतर राजस्थानात सलग दुष्काळाची वर्षं गेली, त्यातल्याच एका वर्षी आम्ही तिघं इथे आलो होतो. बाबा पाटबंधारे खात्यात होते. सगळी नोकरी कालवे, बंधारे आणि पाझर तलावांवर झालेली. सुट्टीत कुठेही गेलो की देवळाआधी धरण बघायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. आई म्हणायची, यांना काशीला नेलं तरी विश्वनाथाआधी गंगेची पातळी विचारतील.

तर त्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेने पिछोल्यावर आलो आणि पाहतो तो तलावात पाणीच नाही. इकडेतिकडे डबकी होती. बाकी भेगाळलेली जमीन, वाळलं गवत आणि गवतात चरणारी गुरं. पोरांनी विटा रचून स्टंप केले होते. आणि त्या मैदानाच्या मधोमध तो राजवाडा, पार उघडा पडलेला. एरवी पाण्याखाली असणारं जोतं खालपर्यंत दिसत होतं. काळपट दगड, त्यावर वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे, आणि त्याच्या वरून एकदम पांढरं बांधकाम सुरू. पांढऱ्या पातळाचा काठ चिखलात लोळलेला असावा तसं.

"फोटोत असं नव्हतं," आई म्हणाली.

बाबा मात्र खुशीत होते. पाणी आटलेला तलाव म्हणजे त्यांच्या दृष्टीने झाकण काढलेलं यंत्र. पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी आम्हाला सगळं समजावलं. हा तलाव निसर्गाने दिलेला नाही. चौदाव्या शतकाच्या शेवटाकडे, महाराणा लाखांच्या काळात, धान्याची ने-आण करणाऱ्या एका बंजाऱ्याने पाळ घालून पाणी अडवलं अशी परंपरा आहे. १५५९ मध्ये उदयसिंहांनी इथे नवी राजधानी वसवायला घेतली, तेव्हा ती पाळ वाढवली, भक्कम केली. पाणी मुख्यतः सिसारमा नदीचं. पिछोला भरला की पुढे स्वरूपसागर, त्याच्या सांडव्यावरून आयड नदी, आयडचं पाणी बेडचमध्ये, तिथून बनास, चंबळ, यमुना. "म्हणजे इथे चूळ भरली तर ती बंगालच्या उपसागराला जाते," असं म्हणून ते स्वतःच हसले. तेव्हा चूळ भरण्यापुरतंही पाणी तिथे नव्हतं.

मग आम्ही पायऱ्या उतरून सरळ तलावातूनच चालायला लागलो. पायाखाली कडक ढेपा, मधेच शिंपले. राजवाडा जवळ येत गेला. पडद्यांच्या झालरी दिसायला लागल्या. एका झरोक्यात बसून कुणीतरी कपातून काहीतरी पीत होतं. आणि तिथे, भिंतीच्या बऱ्याच अलीकडे, बाबा थांबले.

कुणी अडवलं नव्हतं. दोरी नव्हती, पाटी नव्हती, शिट्टी मारणारा पहारेकरी नव्हता.

"चला ना, भिंतीला हात लावून येऊ," मी म्हटलं.

"नको. पाणी असतं तर आपण इथपर्यंतही आलो नसतो. ते नाही म्हणून पुढे जायचं?"

मग त्यांनी बोट हवेत धरलं आणि ओठ हलवत खिडक्या मोजायला लागले. मोजायची त्यांना सवयच होती. जिन्याच्या पायऱ्या, पुलाचे गाळे, फाटकात थांबल्यावर मालगाडीचे डबे. मधेच चुकले, परत पहिल्यापासून मोजल्या. किती झाल्या ते मी विचारलं नाही. मी चिडले होते. विशीतल्या मुलीला बापाचा संकोच फार लागतो. चार पावलं पुढे जायची हिंमत नाही, असंच मला वाटलं होतं. बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्या थांबण्यात बुजरेपणा किती होता आणि सभ्यता किती, हे मला अजून नीट वेगळं करता आलेलं नाही.

आईला घेऊन तिथे राहायला जायचं मनात आलं ते यातूनच, नाहीतर हा खर्च मला एरवीही झेपणारा नाही.

यावेळी पिछोला काठोकाठ भरलेला होता. मधल्या काळात साबरमतीच्या खोऱ्यातलं पाणी देवास प्रकल्पाच्या बोगद्यातून इकडे वळवलं गेलं आहे. बाबा असते तर आधी तो बोगदा बघायला लागला असता. हॉटेलची नाव सिटी पॅलेसच्या काठावरून सुटते. राहायला येणाऱ्यांची नावं यादीत असतात आणि यादीत नाव असेल तरच पाय नावेत. आईने आपलं नाव कागदावर स्वतः वाचून बघितलं, आडनावाचं स्पेलिंग बरोबर असल्याची खात्री केली, मगच नावेत बसली. प्रवास जेमतेम चार-पाच मिनिटांचा. पण त्या तेवढ्या वेळात शहराचा आवाज हळूहळू विरतो. आधी हॉर्न थांबतात, मग माणसं, आणि नावेचं इंजिन बंद झालं की पाण्याचं चुळुक चुळुक तेवढं उरतं.

पायऱ्यांवर पाऊल टाकलं आणि वरच्या सज्जातून आमच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. आई दचकून थांबली. मग वर बघून तिने हात जोडले. आत जाईपर्यंत ती केसांतल्या, खांद्यावरच्या पाकळ्या वेचून मुठीत ठेवत होती. खोलीत गेल्यावर त्या रुमालावर पसरून पंख्याखाली वाळत घातल्या. "गुलकंद नाही व्हायचा एवढ्याशाचा," ती म्हणाली, "पण टाकायच्या कशा?"

राजवाड्याचं वर्णन मी फार करणार नाही. चौकात कमळांचं कुंड आहे, कमानी आहेत, भिंतींत रंगीत काचांची नक्षी आहे, संगमरवर तर कुठेही हात लावा तिथे. ते सगळं फोटोत दिसतं आणि फोटोतच जास्त चांगलं दिसतं. माझ्या लक्षात राहिला तो एक उंबरा. चौकातून आतल्या दालनात जाताना संगमरवराचा जुना उंबरा लागतो, मधोमध खोलगट झालेला. वाटीसारखा. एवढ्या कठीण दगडाला खळगा पडायला किती पावलं लागली असतील? राण्यांची, दासींची, पाणी भरणाऱ्यांची, मग परदेशी पाहुण्यांची आणि ट्रे घेऊन धावणाऱ्या पोरांची. आई वाकली, बोटांनी त्या खळग्याला हात लावला आणि हात कपाळाला नेला. तिच्या मागे एक परदेशी जोडपं येत होतं. त्यांनी ते पाहिलं आणि दोघांनी तो उंबरा न तुडवता, पाय उचलून ओलांडला.

संध्याकाळी हॉटेलचाच एक माणूस पाहुण्यांना वाडा फिरवून दाखवतो. सडपातळ, मिशा वळवलेला, बोलताना प्रत्येक वाक्याला 'हुकुम' लावणारा. त्याने जगनिवासची जन्मकथा सांगितली, जी उदयपुरात कुणीही सांगतं. जगतसिंह तेव्हा राजकुमार होता. चांदण्या रात्री जनान्यातल्या काही स्त्रियांना घेऊन जगमंदिरात सहलीला जायची त्याने वडिलांकडे, संग्रामसिंहांकडे, परवानगी मागितली. जगमंदिर हा पिछोल्यातला दुसरा, जुना बेटावरचा महाल. बाप म्हणाला, एवढी हौस असेल तर स्वतःचा महाल बांध आणि तिथे जा. पोराच्या मनाला ते लागलं. गादीवर आल्यावर त्याने शेजारच्याच बेटावर, चार एकरांच्या खडकावर, कडेपासून कडेपर्यंत महाल उठवला. खडकाची बोटभर जागाही मोकळी सोडली नाही. म्हणून तो पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो.

"बापाने नाही म्हटलं म्हणून एवढं?" आई मराठीत पुटपुटली. "आमच्याकडे नुसतं जेवणावर रुसतात."

मग त्या माणसाने पाहुण्यांना विचारायला सुरुवात केली, कोण कुठून आलं. कुणी लंडन, कुणी बंगळूर. आम्ही महाराष्ट्र म्हटल्यावर तो हसला. "फिर तो हुकुम, आपके पुरखे हमारे यहाँ बहुत आते-जाते थे."

मला त्याचा टोमणा कळला आणि मी कानकोंडी झाले. राजस्थानात फिरताना मराठी माणसाचं हे होतंच. घरी आपण अटकेपार झेंडे लावून आलेलो असतो, आणि इथे त्याच गोष्टीत आपण वसुलीला आलेले असतो. शाळेच्या पुस्तकात ती बाजू चार ओळींत आटोपलेली असते. इकडे ती घराघरात तपशिलाने माहीत आहे.

रात्री झरोक्यात बसून मी आईला तो सगळा तपशील सांगितला, कारण निघण्याआधी मी त्याचं थोडं वाचन केलं होतं. १७३४ मध्ये, गादीवर आल्या आल्या, याच जगतसिंहांनी हुरडा इथे राजपूत राजांची बैठक भरवली. मराठ्यांना एकत्र मिळून रोखायचं ठरलं. ठरलं तेवढंच, घडलं काही नाही. पुढच्याच वर्षी, १७३५ मध्ये, बाजीरावाच्या आई राधाबाई काशीयात्रेला निघाल्या आणि वाटेत उदयपूरला थांबल्या. महाराणांनी त्यांचा मोठा मानसन्मान केला. तिथून त्या नाथद्वाऱ्याला गेल्या. आणि १७३६ च्या फेब्रुवारीत खुद्द बाजीराव आला. दरबारात त्याच्यासाठी महाराणांच्या बरोबरीचं आसन मांडलं होतं. तो त्यावर बसला नाही, मेवाडच्या गादीचा मान राखून खाली बसला, असं सांगतात. सालीना खंडणी मात्र ठरवून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याला जगमंदिर दाखवायला न्यायचं होतं. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं की बेटावर नेऊन दगा करायचा बेत आहे. पेशवा भडकला, नावेत बसलाच नाही, आणि त्याची समजूत घालायला महाराणांना आणखी पैसे मोजावे लागले.

आई बराच वेळ काही बोलली नाही. समोर दूरवर जगमंदिराचे दिवे पाण्यात लांबच लांब पडले होते. याच जगमंदिरात शाहजादा खुर्रम, पुढे तो शहाजहान झाला, बापाविरुद्ध बंड करून आश्रयाला आला होता. १८५७ मध्ये नीमचहून पळालेल्या इंग्रज बायकामुलांना महाराणा स्वरूपसिंहांनी तिथेच ठेवून घेतलं. म्हणजे जीव मुठीत घेऊन आलेली माणसं निमूट नावेत बसली, आणि ज्याच्या नावाने सगळा उत्तर हिंदुस्थान चळाचळा कापत होता त्याला ती चार-पाच मिनिटं पार करवली नाहीत.

"बरोबरच आहे," आई शेवटी म्हणाली. "त्याची आई यात्रेला आली होती. हा वसुलीला आला होता. वसुलीला आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या नावेत भीती वाटणारच."

यावर मी काय बोलणार?

या हकिगतीत मला सगळ्यात विचित्र वाटतं ते हे की, खंडणी ठरली १७३६ ला आणि जगनिवासची पायाभरणी १७४३ ला. ज्या तिजोरीला भोक पडलं होतं तिच्यातूनच हा संगमरवर आला. पुढची वर्षं आणखी वाईट गेली. जयपूरच्या वारसाहक्काच्या भांडणात जगतसिंहांनी होळकरांची मदत घेतली आणि कर्जात रुतले. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला. शहर वाचवलं ते अमरचंद बडवा या प्रधानाने, पण तहाची रक्कम भागवायला जावद-नीमचकडचे परगणे गहाण पडले. गणगौर घाटावरची बागोरची हवेली या अमरचंदाचीच. आता तिथे संध्याकाळी घूमरचे कार्यक्रम होतात आणि आपण टाळ्या वाजवतो. १८१८ नंतर इंग्रजांचा पोलिटिकल एजंट म्हणून आलेल्या जेम्स टॉडने मराठ्यांबद्दल जे लिहिलं ते फारच कडवट आहे. त्यात त्याचं राजकारण होतं हे खरं. म्हणून ते सगळं खोटं ठरत नाही. त्याच टॉडने जगनिवासचंही वर्णन केलं आहे. सरदार मंडळी इथे भाटांच्या कथा ऐकत पडायची, तलावावरून कमळांचा वास घेऊन येणाऱ्या वाऱ्यात दुपारची अफू उतरवायची. बाहेर परगणे जात होते आणि आत वारा छान होता.

मग राज्यंही गेली. १९४८ मध्ये उदयपूर संस्थान राजस्थान संघात विलीन झालं. १९५५ मध्ये गादीवर आलेल्या महाराणा भगवतसिंहांच्या वाट्याला महाल पुष्कळ आले, पण ते सांभाळायला पैसा नव्हता. जगनिवास ओलीने खचत चालला होता. त्यांनी त्याचं हॉटेल करायचं ठरवलं. साठीच्या दशकात तेव्हाच्या लोकांना ते चमत्कारिकच वाटलं असणार. आतली सजावट डीडी कॉन्ट्रॅक्टर या मूळच्या अमेरिकन बाईंनी केली. याच बाईंनी पुढे कांगड्याच्या खोऱ्यात माती आणि बांबूची घरं बांधली आणि आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यातच घालवली. संगमरवराकडून मातीकडे गेलेला हा प्रवास मला राजवाड्यापेक्षा जास्त खुणावतो, पण तो वेगळा विषय आहे. १९७१ मध्ये हॉटेल ताजकडे आलं. त्याच वर्षी संस्थानिकांचे तनखे बंद झाले. १९८३ च्या एका बाँडपटात हा महाल दिसला आणि मग जगभरातले लोक तो शोधत यायला लागले.

अकरा वाजले. समोरच्या काठावर कुणाच्या तरी लग्नातला डीजे अजून चालू होता. पाण्यावरून फक्त ढोलाचे ठोके येत होते, गाणं नाही. मी आईला म्हटलं, झोप आता.

"झोप येत नाही. आणि झोपलं की पैसे वायाच ना." मग थोडं थांबून, "आता तरी सांग किती ते."

मी सांगितलं.

ती काहीच बोलली नाही. पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता डोळ्यात पाणी येणार, नाहीतर मला बोलणी बसणार.

"चहा अजून एकदा मागव," ती म्हणाली.

चहा आला. घेऊन आलेला मुलगा विशीचा असेल. त्याने आईला 'माँसा' म्हटलं, पायाशी चौरंग सरकवला, शाल हवी का विचारलं. आईने त्याला गाव विचारलं, घरी कोण कोण आहे ते विचारलं, रात्रपाळीला जेवण मिळतं का ते विचारलं. तो दारातून परत वळून नीट उत्तरं देत होता. तो गेल्यावर आई बाबांबद्दल बोलायला लागली. ते गेल्यापासून ती त्यांच्याबद्दल दोन वाक्यांवर बोलत नसे.

"त्यांनी इथे काय केलं असतं माहितेय? आधी नळ सोडून बघितला असता, प्रेशर किती आहे. मग त्या पोराला विचारलं असतं, पिण्याचं पाणी आणता कुठून आणि सांडपाणी सोडता कुठे. मग म्हणाले असते, चला, झालं बघून."

"त्या वेळी थांबले का गं ते?"

"कधी?"

"पाणी नव्हतं तेव्हा. मधेच थांबले, भिंतीपाशी गेलेच नाहीत."

आईने कप खाली ठेवला. "त्यांना ते उघडं पडलेलं आवडलं नसेल. कुणाच्या घरी गेलं आणि घरातलं माणूस आवरलेलं नसेल तर आपण दारातच थांबतो की नाही, तसं." मग म्हणाली, "आणि चपलाही चिखलाने भरल्या होत्या त्यांच्या. तेही असेल."

सकाळी मला जाग आली तेव्हा ती झरोक्यातच होती. सिटी पॅलेसच्या मागून सूर्य वर येत होता. मेवाडचे राणे सूर्यवंशी, म्हणून जगनिवासचं तोंड पूर्वेला, उठल्या उठल्या सूर्यदर्शन व्हावं म्हणून. खिडकीच्या खालच्या दगडावर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. त्याच्या पायाखाली भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेघा होत्या, एकाखाली एक, बारीक, फिकट, कुठल्या कुठल्या वर्षीच्या. पलंगाकडे पाहिलं तर आईने चादरीची घडी घालून, उशा एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

"अगं, ते करतात ना."

"करू देत. पण त्या पोराच्या हाताला एक काम कमी."

दुपारी नाव आम्हाला परत काठावर घेऊन आली. मघापर्यंत पुसट असलेले हॉर्न एकदम अंगावर आले. आम्ही रिक्षाने पूल ओलांडून पलीकडे हनुमान घाटावर गेलो. गेस्ट हाउसच्या जिन्याला कठडा नव्हता आणि चहा ग्लासातून मिळत होता. आईला तिथे एकदम मोकळं वाटलं हे तिच्या चालीवरूनच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही साध्या फेरीच्या होडीत बसलो. नावाड्याने हात करून एक चबुतरा दाखवला. नटणीचा चबुतरा. एका राण्याने एका डोंबारणीशी पैज लावली होती, दोरीवरून तलाव पार केलास तर अर्धं राज्य तुझं. ती निम्म्याहून पुढे आली तसं दरबाऱ्यांच्या पोटात गोळा आला आणि त्यांनी दोर कापला. मरता मरता तिने शाप दिला, तुमच्या वंशाला सरळ वारस लाभणार नाही. नावाड्याने ही गोष्ट सांगताना वल्हं थांबवलं होतं. सांगून झाल्यावर आमच्या होडीने राजवाड्याला लांबून वळसा घातला. फेरीच्या होड्या तेवढ्याच अंतरावरून जातात. झरोक्यात कुणीतरी बसलं होतं. आईने हात हलवला. तिकडून कुणी हलवला नाही, किंवा आम्हाला दिसला नाही.

संध्याकाळी अंबराई घाटावर गेलो. तिथून समोर सिटी पॅलेस आणि उजवीकडे पाण्यात जगनिवास. पश्चिमेला सज्जनगडाच्या डोंगरामागे सूर्य गेला आणि समोरच्या भिंती क्षणभर पिवळ्या होऊन मग एकदम राखाडी झाल्या. पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. गिटार वाजवणारी पोरं, सेल्फी, भेळवाला. आमच्या शेजारी महाराष्ट्रातलाच एक ग्रुप येऊन टेकला. बायका दमलेल्या, एकीच्या हातात चपला.

"आत सोडतात का हो तिथे?" एकीने दुसरीला विचारलं.

"छे गं. राहणाऱ्यांनाच. आपल्यासारख्यांना कोण सोडतंय!"

"आतून कसं असेल ना?"

मी आईकडे पाहिलं. मला खात्री होती, आता ती वळून सांगणार, आम्ही परवाच राहून आलो, आणि मग पाकळ्या, उंबरा, माँसा म्हणणारा पोरगा, सगळं येणार. कदाचित भाडंसुद्धा. आईने मान वळवली नाही. थोडी सरकून तिने त्या चपलावाल्या बाईला पायरीवर नीट बसायला जागा करून दिली.

राजवाड्यात दिवे लागले. आधी घुमट, मग कमानी, मग एकेक खिडकी. आईने बोट हवेत धरलं. ओठ हलायला लागले.

"काय मोजतेस?"

"आपली खोली कुठली ते बघतेय. डावीकडून धरलं तर सहावी... नाही, तो जिना असेल."

मधून एक मोठी होडी गेली, दिवे लावलेली, गाणं वाजवत. तिच्या पाठीमागे सगळ्या खिडक्या पाण्यात हलल्या आणि वरच्याही दिसेनाशा झाल्या. आईचं बोट तसंच हवेत होतं. होडी पुढे सरकली तशी ती परत डाव्या टोकापासून सुरू झाली.